वीस हजार सबडोमेन सापडले, खरे किती? एका वाइल्डकार्ड झोनचं प्रकरण

काम ऐकायला अगदी किरकोळ होतं. एका क्लायंटचं डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) जुन्या प्रोव्हायडरकडून नव्याकडे न्यायचं, बस. पण जुन्या पॅनलमध्ये झोन (डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डची यादी) एक्स्पोर्ट करायचं बटणच नाही, झोन ट्रान्सफर मागितला तर सर्व्हर सरळ नकार देतो, आणि ज्याने हे सगळं उभं केलं तो माणूस कधीच सोडून गेलेला. पॅनलमध्ये रेकॉर्ड दिसायचे पण शेवटच्या पानांवर गेलं की ते लोडच व्हायचं नाही. म्हणजे डोमेन स्वतःचं, पण त्यात काय काय आहे ते स्वतःलाच बाहेरून शोधावं लागणार अशी गत.

खरं डोमेन इथे लिहीत नाही, आपण त्याला कंपनी.टेस्ट म्हणू. डॉट टेस्ट हे टोक १९९९ च्या आरएफसी २६०६ पासून (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) अशाच उदाहरणांसाठी राखून ठेवलंय, आणि खाली जे आयपी येतील तेही कागदपत्रांसाठी राखीव असलेल्या रेंजमधले आहेत, खरे नाहीत. स्कॅन करायची क्लायंटची लेखी परवानगी होती हेही सांगून टाकतो.

टीममधल्या ज्युनिअरला सांगितलं की शब्दांची यादी घे आणि प्रत्येक शब्द डोमेनच्या पुढे लावून विचारत जा, जे रिझॉल्व्ह होईल, म्हणजे ज्याला पत्ता मिळेल, ते लिहून ठेव. वीस हजार शब्दांची यादी होती. तासाभरात मेसेज आला, "दादा, १९,९९३ सबडोमेन लाइव्ह आहेत!" मी म्हटलं, अरे उरलेल्या सात जणांनी काय घोडं मारलंय. तेव्हा हे मस्करीत म्हटलं होतं, पण पुढे त्या सातांनीच आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं, ते येईलच.

वाइल्डकार्ड आहे हे तर उघड होतं. झोनमध्ये *.कंपनी.टेस्ट असा एक रेकॉर्ड ठेवला की जे नाव अस्तित्वात नाही त्यालाही सर्व्हर तोच रेकॉर्ड त्या नावाने तयार करून देतो. ही सोय अगदी मूळची आहे, १९८७ च्या आरएफसी १०३४ मध्येच दिलेली, आणि तिच्यावरून इतके गोंधळ झाले की २००६ मध्ये फक्त वाइल्डकार्डचे नियम नीट समजावायला आरएफसी ४५९२ काढावा लागला. तो मी या प्रकरणाच्या आधी वरवर चाळला होता, नंतर बसून वाचला. उलट्या क्रमाने केलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

तर पहिली तपासणी आम्ही सगळे करतात तीच केली. सोळा अक्षरांचं रँडम नाव बनवायचं आणि विचारायचं, उत्तर यायला हवं एनएक्सडोमेन, म्हणजे "असं नावच नाही". त्याऐवजी पत्ता आला तर वाइल्डकार्ड. एक नाही, तीन नावं विचारायची, आणि कीबोर्डवर बोटं आपटून झालेलं किंवा टेस्ट१२३ टाइपचं नाव घ्यायचं नाही, कारण कुणीतरी कधीतरी वैतागून तसलं नाव खरंच बनवून ठेवलेलं असतं (मी स्वतः बनवलेलं आहे, बोलत नाही). तीन नावं विचारली, दोघांना २०३.०.११३.२० आणि एकाला २०३.०.११३.२१ मिळाला. झालं, म्हटलं हे दोन पत्ते ज्यांना आलेत ते सगळे खोटे, उडवून टाक. १९,९९३ मधून राहिले ३१२. यादी क्लायंटला पाठवली, वर "वाइल्डकार्ड ओळखून वगळलेलं आहे" असं ऐटीत लिहिलं.

यादी दोन्ही बाजूंनी चुकलेली होती. खोटी नावं आत राहिली होती आणि खरी नावं बाहेर गेली होती.

आधी खोटी आत कशी राहिली ते. वाइल्डकार्ड ए रेकॉर्ड (थेट आयपी पत्ता देणारा) नव्हताच, तो सीनेम (दुसऱ्या नावाकडे पाठवणारा) होता, एका लोड बॅलन्सरच्या, म्हणजे अनेक सर्व्हरांवर काम वाटणाऱ्याच्या, नावाकडे बोट दाखवणारा. लोड बॅलन्सरच्या नावाचे पत्ते बदलत राहतात, टीटीएल (उत्तर किती वेळ जपून ठेवायचं तो आकडा) ६० सेकंद. आमचा रन चालू असताना मध्येच त्याने एक तिसरा पत्ता घेतला, थोडा वेळ ठेवला आणि सोडला, आणि त्या वेळात ज्या शब्दांची पाळी आली ते सगळे आमच्या फिल्टरमधून सुटले. म्हणजे रन सुरू व्हायच्या आधी तीन सॅम्पल घेऊन पुढचा तासभर त्यांच्यावर भरवसा ठेवला हीच चूक. सॅम्पल मधूनमधून घेत राहायला हवं, आणि मुळात तुलना शेवटच्या आयपीची न करता साखळीतल्या पहिल्या उत्तराची करायला हवी, म्हणजे सीनेम कुणाकडे जातोय ते बघायचं. तशी केली तेव्हा ३१२ चे ३८ झाले. हे ३८ नक्की वेगळे.

आता खरी नावं बाहेर कशी गेली ते, हा भाग जास्त गंमतीचा आहे. ज्युनिअरने विचारलं की दादा, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू कुठाय यादीत? नव्हतंच! शॉप नव्हतं, सपोर्ट नव्हतं. कारण त्यांचे स्वतःचे रेकॉर्ड त्याच लोड बॅलन्सरकडे जात होते जिकडे वाइल्डकार्ड जातं. उत्तर अक्षरशः तेच. आता तुम्ही म्हणाल काय फरक पडतो, वाइल्डकार्ड नव्या जागी नेलं की ही नावं चालतीलच. पण क्लायंटला या निमित्ताने वाइल्डकार्ड काढायचंही होतं, त्यामुळे कोण स्वतःच्या रेकॉर्डवर उभंय आणि कोण वाइल्डकार्डच्या जिवावर हे कळणं भाग होतं.

उत्तर सारखं असेल तर बाहेरून फरक करता येतच नाही असं मला वाटायचं. टीटीएल बघून बघितलं, वाइल्डकार्डचा ३६०० होता आणि काही रेकॉर्डचा ३०० निघाला, पण बाकीच्यांचाही ३६००, त्यामुळे ते अर्धवटच. मग पत्ता लागला तो आरएफसी ४५९२ वाचताना. नियम असा आहे: सर्व्हर विचारलेल्या नावाचा झोनमध्ये खरोखर असलेला सगळ्यात जवळचा पूर्वज शोधतो, आणि वाइल्डकार्ड असलं तर ते त्याच पूर्वजाच्या लगेच खाली असलं पाहिजे. वरच्या मजल्यावरचं वाइल्डकार्ड मध्ये खरं नाव आलं की तिथेच थांबतं.

याचा उपयोग उलटा करायचा. शॉप.कंपनी.टेस्ट खरं आहे का हे शॉपला विचारायचंच नाही, त्याच्या एक पायरी खाली उतरायचं आणि एक रँडम नाव शॉपच्या पुढे लावून विचारायचं. शॉप खरं असेल तर जवळचा पूर्वज शॉप, त्याच्याखाली वाइल्डकार्ड नाही, म्हणून एनएक्सडोमेन येतं. शॉप हे नुसतंच वाइल्डकार्डने बनवलेलं असेल तर झोनच्या दृष्टीने शॉप नावाचं काही नाहीच, जवळचा पूर्वज थेट कंपनी.टेस्ट, आणि खालच्या नावालाही तोच सीनेम मिळतो, कारण डीएनएसचं वाइल्डकार्ड एकाच लेबलापुरतं (नावातल्या दोन टिंबांमधल्या एका तुकड्यापुरतं) नसतं, कितीही खोल जातं. पहिल्यांदा चालवून बघितलं आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूच्या खाली एनएक्सडोमेन आलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो, खरंच.

मात्र याला दोन अटी. एक, सगळे सर्व्हर हा नियम पाळतातच असं नाही, काही जण उत्तरं कोडने जागच्या जागी बनवतात, त्यामुळे जे नाव खरं आहे हे नक्की माहितेय अशा एकदोन नावांवर आधी करून बघायचं, तिथे एनएक्सडोमेन आलं तरच पुढे जायचं. दोन, शॉपच्या खाली स्वतःचं वेगळं वाइल्डकार्ड असेल आणि तेही त्याच लोड बॅलन्सरकडे जात असेल तर ही युक्ती आंधळी होते, शॉप खोटं समजून सुटतं. त्यावर बाहेरून इलाज सापडला नाही.

जे १९,९५५ शब्द वाइल्डकार्डसारखंच उत्तर देत होते त्या सगळ्यांवर हे चालवलं. २४ निघाले. चोवीस खरी नावं, जी आम्ही ऐटीत "वगळलेली" होती.

मग ते सात. ज्युनिअरच्या टूलने त्यांच्यापुढे "नाही" लिहिलं होतं, आम्हीही सोडून दिलं होतं. पण जरा विचार करा, ज्या झोनमध्ये कुठल्याही फालतू नावाला उत्तर मिळतं तिथे एखाद्या नावाला उत्तर मिळत नाही याचा अर्थ काय? हाताने डिग (डीएनएसला प्रश्न विचारायचं टूल) चालवून बघितलं तर सातपैकी सहा ठिकाणी एनएक्सडोमेन नव्हतंच, स्टेटस नोएरर होतं आणि उत्तराचा भाग रिकामा. म्हणजे सर्व्हर म्हणतोय "नाव आहे, तुला हवा तो रेकॉर्ड नाही". नाव कुठल्याही प्रकारे अस्तित्वात असलं की वाइल्डकार्ड त्याला हात लावत नाही, मग त्याच्याकडे फक्त टीएक्सटी (नुसत्या मजकुराचा रेकॉर्ड) का असेना. तिघांकडे फक्त टीएक्सटी किंवा एमएक्स (मेलसाठीचा रेकॉर्ड) होते, एकाकडे फक्त आयपीव्ही६ चा पत्ता, आणि दोघांकडे स्वतःचं काहीच नव्हतं. त्यातलं एक ईयू. ईयू.कंपनी.टेस्टला रेकॉर्ड शून्य, पण त्याच्या खाली कुठेतरी ॲप.ईयू वगैरे नावं होती, आणि खाली मूल असलं की मधला रिकामा नोडही अस्तित्वात आहे असं धरतात. त्यामुळे ईयूच्या खालची अख्खी फांदी वाइल्डकार्डच्या बाहेर. सातवा नुसता टाइमआउट होता, परत विचारल्यावर इतरांसारखाच खोटा निघाला.

वाइल्डकार्डच्या झोनमध्ये रिकामं उत्तर हे सगळ्यात पक्कं उत्तर आहे. बरीच टूलं नोएरर-रिकामं, एनएक्सडोमेन, सर्व्हफेल (सर्व्हरला उत्तर देताच आलं नाही) आणि टाइमआउट या चौघांना एकाच "नाही" च्या पिशवीत टाकतात, आणि तिथेच माहिती सांडते. हिशोब मात्र ज्या प्रकारचं वाइल्डकार्ड आहे त्याच प्रकाराने विचारलं तरच जुळतो, म्हणजे वाइल्डकार्ड नुसता ए रेकॉर्ड असेल आणि तुम्ही एमएक्स विचारलात तर सगळ्याच नावांना रिकामं येईल. आमचा सीनेम होता म्हणून काहीही विचारलं तरी तोच यायचा.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. "या डोमेनवर वाइल्डकार्ड आहे का?" हा प्रश्नच कच्चा आहे. वाइल्डकार्ड डोमेनला नसतं, झाडाच्या एकेका नोडला असतं. त्या ३८ मध्ये डेव्ह होतं, त्याच्याखाली वेगळंच वाइल्डकार्ड, १९८.५१.१००.७ कडे जाणारं. एपीआयच्या खाली काही नाही. ईयूच्या खाली काही नाही. म्हणून नवीन खरं नाव सापडलं की प्रत्येक वेळी त्याच्या खाली परत रँडम नाव विचारायचं, शब्दांची यादी पुढे चालवायच्या आधी. आणि सांगायचं राहिलं, फुलीचं चिन्हच सरळ नावात टाकून, म्हणजे *.डेव्ह.कंपनी.टेस्ट असं विचारलं तरी चालतं, वाइल्डकार्ड असेल तर तोच रेकॉर्ड मिळतो कारण तो खरंच त्या नावाने झोनमध्ये बसलेला असतो. पहिल्या झटक्यात बघायला बरं, पण उत्तरं कोडने बनवणारे सर्व्हर फुलीला काय म्हणतील याची खात्री नाही, म्हणून रँडम नावं टाळू नका.

दुसऱ्या दिवशी वेगळाच गोंधळ. ज्युनिअर घरून काम करत होता आणि म्हणाला की क्लायंटच्या दुसऱ्या डोमेनवरही वाइल्डकार्ड आहे. माझ्याकडे एनएक्सडोमेन, त्याच्याकडे पत्ता. त्याच्या घरच्या इंटरनेटवाल्याचा रिझॉल्व्हर (आपल्या वतीने उत्तर शोधून आणणारा सर्व्हर) "असं नाव नाही" हे उत्तर गिळून त्याजागी स्वतःच्या जाहिरातीच्या पानाचा पत्ता देत होता. हे पकडायची सोपी पद्धत म्हणजे डॉट इनव्हॅलिड या टोकाखाली कुठलंही रँडम नाव विचारायचं. हे टोक राखीव आहे, तिथे कधीच काही असणार नाही, तरी पत्ता आला म्हणजे रिझॉल्व्हर खोटं बोलतोय. क्रोम ब्राउझरही वर्षानुवर्षं हेच करायचा, सुरू होताना तीन रँडम नावं विचारून बघायचा, आणि जगभरचे क्रोम मिळून रूट सर्व्हरवर, म्हणजे डीएनएसच्या सगळ्यात वरच्या सर्व्हरवर, या निरर्थक नावांचा एवढा पूर आला की २०२० मध्ये त्यावर बोंब झाली आणि ती पद्धत आवरती घेतली.

त्यामुळे आमचा नियम ठरला की मधल्या कुणालाच विचारायचं नाही, झोनच्या अधिकृत नेमसर्व्हरला थेट, रिकर्शन (दुसरीकडे विचारून उत्तर आणणं) बंद ठेवून विचारायचं आणि उत्तरावर एए (उत्तर अधिकृत असल्याची खूण) हा फ्लॅग आहे का बघायचं. एकच तोटा, सगळा मारा एकदोनच सर्व्हरवर जातो, म्हणून वेग कमी ठेवायचा, नाहीतर ते उत्तरं टाकून द्यायला लागतात आणि तुमचे टाइमआउट वाढतात. अशी रँडम नावांची झोड हा हल्ल्याचाही एक प्रकार आहे, त्यामुळे समोरच्याने ब्लॉक केलं तर त्याला दोष देता येत नाही.

ऑफिसच्या मशीनवरची अजून एक फसगत थोडक्यात सांगतो. तिथे सेटिंगमध्ये सर्च डोमेन म्हणून कंपनी.टेस्टच टाकलेलं होतं. म्हणजे काहीही नसलेलं नाव पिंग केलं की सिस्टिम ते सापडलं नाही म्हणून मागे कंपनी.टेस्ट चिकटवून परत विचारायची, आणि वाइल्डकार्ड हसतमुखाने हजर! जगातलं प्रत्येक चुकीचं नाव लोड बॅलन्सरवर. नावाच्या शेवटी टिंब दिलं की हे थांबतं. डिग स्वतःहून शेपूट जोडत नाही, म्हणून माझ्याकडे कधी दिसलं नव्हतं.

वाइल्डकार्ड वरच्या टोकालाच लागलं तर काय होतं हे जगाने एकदा बघितलंय. १५ सप्टेंबर २००३ ला डॉट कॉम आणि डॉट नेट चालवणाऱ्या व्हेरिसाइनने त्या दोन्हींवर वाइल्डकार्ड टाकलं, साइट फाइंडर नावाने, आणि नोंदच नसलेलं प्रत्येक डोमेन ६४.९४.११०.११ या पत्त्यावर जायला लागलं. "पाठवणाऱ्याचं डोमेन खरं आहे का" असं तपासून स्पॅम अडवणारे फिल्टर एका रात्रीत आंधळे झाले. डोमेन नावांवर देखरेख ठेवणाऱ्या आयकॅनने तंबी दिल्यावर ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते बंद केलं. तेव्हा ओळखणं सोपं होतं, पत्ता एकच. आमच्यासारखा हलता लोड बॅलन्सर मागे असता तर अजून तमाशा झाला असता.

क्लायंटच्या दुसऱ्या डोमेनला डीएनएसएसईसी (उत्तरांवर डिजिटल सही करायची सोय) होतं आणि तिथे मात्र हे सगळं कष्ट न करता कळतं. सहीच्या रेकॉर्डमध्ये, आरआरएसआयजीमध्ये, लेबल्स म्हणून एक आकडा असतो. शॉप.कंपनी.टेस्टसारख्या तीन लेबलांच्या नावाला आकडा ३ आला तर रेकॉर्ड त्याच नावाचा, २ आला तर वाइल्डकार्डमधून बनवलेला, कारण फुली मोजत नाहीत. स्वच्छ, एका प्रश्नात काम. फक्त काही प्रोव्हायडर उत्तर देताना जागेवर सही करतात, तिथे आकडा पूर्ण नावाचाच येऊ शकतो. दुर्दैवाने ज्या डोमेनसाठी डोकं फुटत होतं त्याला सहीच नव्हती.

शेवटी ३८ अधिक २४ अधिक ६, अशी ६८ खरी नावं निघाली. पण काम संपलं नव्हतं, कारण डीएनएसमध्ये रेकॉर्ड नसलेली पण लोक वापरत असलेली नावं असू शकतात! वाइल्डकार्ड आहे म्हटल्यावर मार्केटिंगवाले कुणाला न विचारता मनाने नाव ठरवून छापून मोकळे होतात, ते चालतंच. ही नावं कुठल्याच स्कॅनमध्ये खरी म्हणून सापडणार नाहीत. ती मिळतात वेबसर्व्हरच्या लॉगमध्ये, होस्ट हेडर (ब्राउझरने मागितलेलं नाव) बघून. तीन महिन्यांचे लॉग चाळले, बॉटचा कचरा वेगळा केला, नऊ नावं राहिली. सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीच्या लॉगमधून (दिलेल्या सर्टिफिकेटांच्या जाहीर नोंदींमधून) काही मिळेल वाटलं होतं, पण सर्टिफिकेटही वाइल्डकार्डचंच, तिथे नुसती फुली.

त्या नऊंचे स्वतःचे रेकॉर्ड बनवले, वाइल्डकार्डचा टीटीएल ३०० वर आणला, आणि चार दिवसांनी वाइल्डकार्ड काढायचं ठरलं. काढायच्या आधीच फोन आला की बुकिंगची लिंक बंद पडलीये. आम्ही म्हटलं आम्ही तर अजून काही काढलंच नाही, उलट घातलंय.

घातलं होतं तेच भोवलं. नऊमध्ये ऑफर.कंपनी.टेस्ट होतं. त्याचा रेकॉर्ड टाकल्याक्षणी ऑफर हा खरा नोड झाला, आणि बुकिंग.ऑफर.कंपनी.टेस्ट, जे इतके दिवस वरच्या वाइल्डकार्डवर चालत होतं, त्याला एनएक्सडोमेन मिळायला लागलं. जी युक्ती वापरून आम्ही दोन दिवस नावं शोधली तीच स्वतःच्या हाताने स्वतःवर चालवली. लॉगमध्ये हे नाव होतं का? होतं. पण ते साध्या एचटीटीपीवर चालायचं, कारण वाइल्डकार्ड सर्टिफिकेट एकाच लेबलापुरतं चालतं, आणि मी फक्त एचटीटीपीएसचे लॉग चाळले होते.

पाच मिनिटांत रेकॉर्ड टाकला, माझ्याकडे लगेच चालू. तरी तासभर लोकांचे फोन येत राहिले, कारण "असं नाव नाही" हे उत्तरही रिझॉल्व्हर जपून ठेवतात, आणि ते किती वेळ ठेवायचं ते झोनच्या एसओएमधल्या (झोनची मूळ माहिती देणाऱ्या रेकॉर्डमधल्या) शेवटच्या आकड्यावर ठरतं. वाइल्डकार्डचा टीटीएल आम्ही कमी केला होता. हा आकडा ३६०० वरच होता.